उजवीकडे वळवलं की उजवीकडे

घरात बोट येणार आहे ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. आधी कन्येला, मग तिच्या आईला, मग सांगलीला फोनवरून आजीला, आणि मग मला. आमच्या घरात महत्त्वाचे निर्णय साधारण याच क्रमाने उतरत येतात.

आमच्यापासून तिसऱ्या घरात एक गृहस्थ राहतात. अमेरिकनच आहेत, म्हणजे इकडच्या पद्धतीने त्यांना नावानेच हाक मारायची. पण कन्येने बालवाडीत असतानाच त्यांचं 'आजोबा' करून टाकलं आणि तेही त्या हाकेला ओ द्यायला लागले. निम्मी हयात विमानाच्या कारखान्यात गेली, आता निवृत्त. त्यांच्या गॅरेजात गाडी कधीच नसते. तिथे पाने, पकडी, डबे, डब्यांमध्ये डबे, आणि छताला उलटी टांगलेली एक बोट. लाकडाची, चपटी, पुढून दोन पाय फुटल्यासारखी दिसणारी. त्यांची नातवंडं ती चालवून मोठी झाली, कॉलेजला गेली, बोट वर लटकत राहिली. आमच्या कन्येने तीन वर्षं मान वर करून ती बघितली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये, अकरा पूर्ण झाल्यावर, सरळ विचारलं, "मी चालवू का?"

आजोबा 'विचार करू' वगैरे काही म्हणाले नाहीत. शिडी घेऊन आले.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही मुलीला उगाच पाण्यात ढकलतोय. सिअ‍ॅटलच्या माणसाला हायड्रोप्लेन म्हणजे आपल्याकडे क्रिकेट तसं. १९५० साली 'स्लो-मो-शन ४' नावाच्या इथल्याच बोटीने लेक वॉशिंग्टनवर ताशी १६० मैलांचा विक्रम केला, त्याच वर्षी डेट्रॉइटला जाऊन गोल्ड कप जिंकला आणि पुढच्या वर्षी ती शर्यतच इथे आणली. त्या काळातली पोरं सायकलला दोरी बांधून लाकडाच्या खेळण्यातल्या हायड्रो रस्त्यावरून फरफटत न्यायची, असं इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. आणि रेडमंडमध्ये आम्ही ज्या समामिश नदीच्या कडेने शनिवार-रविवारी सायकली चालवतो, त्या ओढ्याएवढ्या पात्रातून पूर्वी मागे इंजिन लावलेल्या छोट्या बोटींची शर्यत चालायची. १९७० च्या दशकात ती बंद पडली. आजोबा लहानपणी काठावर उभे राहून ती बघायचे. मी तिथे बारा वर्षं सायकल चालवतोय, मला बदकांपलीकडे काही माहीत नव्हतं.

मुलांचा वेगळा वर्ग असतो. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही १९०३ पासूनची संस्था, तिच्या नियमांनी वयाच्या नवव्या वर्षापासून मुलं यात येऊ शकतात. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत भोकाची एक पट्टी बसवून त्याचा जोर कमी करतात. तरीही बोट ताशी चाळीस मैलांच्या आसपास जाते. पाण्यावर गुडघे टेकून, खाली पाव इंच प्लायवूड, आणि चाळीस मैल! मी हा आकडा बायकोला किलोमीटरमध्ये सांगितला नाही.

बोट खाली उतरवली तेव्हा स्टिअरिंग आवळून बसलेलं. केबलवर प्लॅस्टिकचं आवरण होतं, वरून स्वच्छ, पांढरं. आजोबांनी खिशातल्या चाकूने ते एका ठिकाणी सोललं, आत तांबूस भुगा. "आवरण दिसायला छान असतं," ते म्हणाले. "ते पाणी आत ठेवतं आणि गंज लपवतं." मग कातरीने त्यांनी सगळीच केबल कापून काढली आणि ते वेटोळं माझ्या हातात दिलं.

"इंजिन मी बघतो. बोटीचा तळ मी बघतो. स्टिअरिंग तू करायचंस."

मी म्हणालो, मला यातलं काही येत नाही.

"शिकवतो ना. पण बांधायचंस तू. पोर ज्याचं, स्टिअरिंग त्याचं. माझ्या मुलांची मी बांधली, नातवंडांची त्यांच्या बापांनी बांधली."

आता हे वाक्य इंग्रजीत ऐकलं तरी मला ते थेट आमच्या वडिलांच्या आवाजात ऐकू आलं.

रचना म्हणाल तर इतकी सोपी की चौथीतल्या मुलाला कळेल. समोर स्टिअरिंग व्हील. त्याच्या दांड्यावर रिळासारखा एक ड्रम. केबल ड्रमवर चार-पाच वेढे घेते, तिचं एक टोक डावीकडे जातं, एक उजवीकडे. वेढे सरकू नयेत म्हणून मधल्या वेढ्याला ड्रमवर स्क्रूने पकडलेलं असतं. मग दोन्ही टोकं बोटीच्या कडेकडेने पुल्यांवरून मागे. बोटीच्या मागच्या तक्त्याजवळ, दोन कोपऱ्यांत, दोन मोठ्या पुल्या. तिथे केबल काटकोनात वळते आणि इंजिनातून पुढे आलेल्या एका दांड्याच्या टोकाला दोन्ही बाजूंनी येऊन मिळते. म्हणजे कायमची रस्सीखेच. एका बाजूने ओढलं की दुसरीने तेवढंच सोडायचं. हायड्रॉलिक नाही, गिअर नाही, काही नाही.

पहिल्या शनिवारी मी सहा तासांत सगळं ओवलं. नवी केबल स्टेनलेसची, सात लडींची, प्रत्येक लडीत एकोणीस तारा. म्हणजे एकूण १३३ बारीक तारा. जितक्या तारा जास्त आणि बारीक, तितकी केबल पुलीवरून वळताना मऊ. एकोणीस जाड तारांची एकच लड असलेली केबल शिडाच्या डोलकाठीला ताण द्यायला चांगली, पण ती पुलीवरून फिरवायची नसते. हे सगळं मी आधी वाचून गेलो होतो. वाचून जाणे हा आपला व्यवसायच आहे.

संध्याकाळी आजोबा आले. बोटीच्या मागे जाऊन उभे राहिले. "उजवीकडे फिरव."

मी फिरवलं. काय सुंदर फिरलं! जराही झोल नाही. इंजिन लोण्यासारखं वळलं.

आजोबांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि थर्मासचं झाकण उघडलं. कॉफी ओतली. एक घोट घेतला. एक शब्द नाही. हा कोड रिव्ह्यू मी जन्मात विसरणार नाही.

मी मागे जाऊन बघितलं तरी मला कळेना. मग त्यांनी बोट दाखवलं, पंख्याकडे. उजवीकडे वळायचं तर मागून बघताना पंख्याचं शेपूट उजवीकडे जायला हवं. तेव्हा तो बोटीचा पार्श्वभाग डावीकडे ढकलतो आणि तोंड उजवीकडे होतं. माझं शेपूट डावीकडे गेलं होतं. माझी बोट उजवीकडे फिरवली की डावीकडे जाणार होती.

चूक कुठे झाली ते नंतर नीट बसून काढलं. इंजिन मधल्या खिळीवर फिरतं, त्यामुळे पुढचा दांडा आणि मागचा पंखा नेहमी एकमेकांच्या उलट जातात. पंखा उजवीकडे हवा तर दांडा डावीकडे ओढला पाहिजे. म्हणजे व्हील उजवीकडे फिरवल्यावर डावी केबल ओढली गेली पाहिजे. माझ्या मनाने मात्र 'उजवीकडे म्हणजे उजवी केबल' हे परस्पर ठरवून टाकलं होतं. इलाज एवढाच, की ड्रमवरून दोन्ही टोकं खालच्या अंगाने निघत होती ती वरच्या अंगाने काढायची. व्हील उजवीकडे फिरलं की ड्रमचा माथाही उजवीकडे जातो आणि डावीकडून येणाऱ्या केबलला आत ओढतो. बस्स. अधिकच्या जागी उणे. ऑफिसात अशी चूक मी वर्षाला दहा-बारा तरी करतो, टेस्ट लाल होते, चिन्ह बदलतो, चहा प्यायला जातो.

इथे टेस्ट म्हणजे अकरा वर्षांची पोरगी होती. पहिल्या वळणाला समोरून दुसरी बोट आली असती, तिने घाबरून जेवढं जास्त फिरवलं असतं तेवढी ती तिच्याच अंगावर गेली असती. त्या रात्री मी जेवताना फारसं बोललो नाही. "काय झालं?" हिने विचारलं. "काही नाही, ड्रमवर उलटी गुंडाळली होती," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं, फक्त त्याचा अर्थ सांगितला नाही.

पुढचा पंगा जास्त मजेशीर होता, आणि त्यात मला थोडी अब्रू परत मिळवता आली. म्हणजे, तसं मला वाटलं होतं.

जुन्या बांधणीत केबलच्या टोकांना दोन स्प्रिंगा होत्या. जुन्या काळी तळ्यावर फिरायला जायच्या बोटींना असायच्या तशा. आजोबांना शर्यतीच्या बोटीत स्प्रिंग बघवत नाही. "स्प्रिंग असली की बोट तू चालवत नाहीस, स्प्रिंग चालवते." बरोबरच आहे. सरळ जाताना पंख्याचा जोर इंजिनाला सारखा एका बाजूला ओढत असतो. स्प्रिंगेने जराशी सूट दिली की ते डुलायला लागतं. तेव्हा स्प्रिंगा काढल्या आणि त्यांच्या जागी टर्नबकल लावले. टर्नबकल म्हणजे एक नळी आणि तिच्या दोन्ही तोंडांत उलटसुलट आट्यांचे दोन बोल्ट; नळी फिरवली की दोन्ही एकदम आत येतात आणि केबल ताणली जाते.

आता झालं असं की इंजिन सरळ ठेवून केबल ताणली, की पूर्ण वळणापर्यंत व्हील जाईचना. शेवटच्या टप्प्यात दगड. पूर्ण वळेल इतकी सैल केली, तर मधे गॅरेजवाले म्हणतात तसा 'प्ले'. चांगला बोटभर. दोन तास टर्नबकल पिळत बसलो. आजोबा त्यांच्या इंजिनात डोकं घालून, मला काही ऐकू येत नाही असा आव आणून बसलेले.

घरी जाऊन एक्सेल उघडलं. (हसू नका.) दांड्याचं टोक काही सरळ रेषेत सरकत नाही, ते वर्तुळाच्या कमानीवर फिरतं. म्हणजे कोपऱ्यातल्या दोन पुल्यांपासून त्या टोकापर्यंतची दोन अंतरं, त्यांची बेरीज प्रत्येक कोनाला वेगळी येणार. पोलादी केबल मात्र तेवढीच राहणार. माझी मापं ढोबळ मानाने अशी: दांडा खिळीपासून ३० सेंटिमीटर, पुल्या मधल्या रेषेपासून ५० सेंटिमीटर दोन्हीकडे, इंजिन ३० अंशांपर्यंत वळणार. पुल्यांची जुनी भोकं दांड्याच्या टोकाहून सहा सेंटिमीटर पुढे होती, बहुधा आधीच्या इंजिनाचा दांडा लांब असावा. या मापांनी इंजिन सरळ असताना बेरीज येते १००.७ सेंटिमीटर, आणि पूर्ण वळल्यावर १०२.२. जवळजवळ दीड सेंटिमीटर केबल कमी पडत होती! इतकी वर्षं हे दीड सेंटिमीटर त्या स्प्रिंगा गुपचूप भरून देत होत्या.

मग पुल्या मागेपुढे सरकवून बघितल्या. दांड्याच्या टोकाच्या बरोबर रेषेत ठेवल्या तर फरक साडेतीन मिलिमीटर. आठ सेंटिमीटर मागे नेल्या तर उलटा घोळ, वळल्यावर केबल नऊ मिलिमीटर सैल, आणि हे तर सगळ्यात वाईट, कारण नेमकी वळणात ढिली. आणि दोन सेंटिमीटर मागे ठेवल्या तर? ०.१ मिलिमीटर. मी तीनदा तपासलं. दोन सेंटिमीटर!! रात्री साडेबाराला मी स्वयंपाकघरात एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट घेऊन गेलो. आजोबांनी चष्मा लावून तो आदराने पाहिला. मग म्हणाले, "हो. दांडा सरळ असताना टोक कुठे येतं तिथे रेघ मार. पूर्ण वळल्यावर कुठे येतं तिथे दुसरी रेघ. पुल्या दोन्ही रेघांच्या मधोमध."

वळल्यावर टोक चार सेंटिमीटर मागे येतं. मधोमध म्हणजे दोन.

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल तू विचारलं नाहीस. पिळत होतास."

जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या आणि इपॉक्सी घालून बुजवली आणि नव्या जागी पुल्या बसवल्या, आरपार बोल्टने, मागून मोठा वायसर आणि नायलॉनची कडी असलेला नट. इथे लाकडी स्क्रू चालत नाही. केबल काटकोनात वळते तिथे पुलीवर केबलच्या ताणाच्या सुमारे १.४ पट ओढ येते, आणि हादरे तर अखंड. या पुल्या मात्र मी स्वतः पसंत करून आणल्या होत्या, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून. लहान, चकचकीत, पितळी. बोटीला शोभत होत्या. आजोबांनी एक उचलून बघितली, बोटांमध्ये फिरवली, "लहान आहे," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिली. मी त्याचा अर्थ 'गोंडस आहे' असा घेतला. ही पुली लक्षात ठेवा.

आता टोकं बांधायची. तात्पुरतं म्हणून मी यू-बोल्टचे क्लिप वापरले, तेव्हा त्यांनी एक म्हण सांगितली: मेलेल्या घोड्यावर खोगीर घालू नये. या क्लिपला एका बाजूला इंग्रजी यू-सारखा वाकवलेला बोल्ट असतो आणि दुसऱ्या बाजूला खाचेची बैठक, तिला ते लोक खोगीरच म्हणतात. केबलचा जो भाग ओढ घेतो तो जिवंत, आणि फास करून उलटा आलेला जो नुसता पडून असतो तो मेलेला. खोगीर जिवंत घोड्यावर. बोल्टची धार मेलेल्यावर. उलटं केलंत तर बोल्ट नेमक्या कामाच्या तारा चिरडतो. मी अर्थातच चारांपैकी दोन उलटे लावले होते.

पण शेवटची बांधणी क्लिपांची नाही, तांब्याच्या स्लीव्हची. केबल एका अश्रूच्या आकाराच्या कडीभोवती फिरवायची, दोन्ही पदर स्लीव्हमधून घालायचे आणि लांब दांड्यांच्या पकडीने स्लीव्ह दाबायची. पुरेशी दाबली गेली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एक पत्र्याची मापपट्टी मिळते, तिच्या खाचेत दाबलेली स्लीव्ह गेली तर ठीक, नाही गेली तर नाही. मधलं काही नाही.

चार टोकांपैकी तीन गेली. चौथ्याच्या वेळी रात्रीचे अकरा वाजले होते. आजोबा कधीच झोपायला गेले होते, गॅरेजची किल्ली माझ्याकडे. मापपट्टी चौथ्या स्लीव्हवर जराशी अडली. म्हणजे जोर लावला असता तर गेलीच असती. केसभर. मी पुन्हा दाबलं, पुन्हा अडली. केबल खेचून बघितली, हलतही नव्हती. अंगठा ठेवून लोंबकळलो म्हणा ना. तारीख जवळ, तपासणीत कोणी मापपट्टी लावून बघत नाही, आणि हे टोक कापायचं म्हणजे केबल तीन इंच कमी पडणार, म्हणजे त्या बाजूची सगळी केबल नवी, ड्रमपासून. मी दिवा मालवून घरी आलो.

सॉफ्टवेअरमधल्या मंडळींना ही भावना ओळखीची वाटेल. शुक्रवारी संध्याकाळी एक टेस्ट कधी पास होते कधी नाही, आपण ती तिसऱ्यांदा चालवतो, हिरवी झाली की पटकन बॅग उचलतो. सोमवारी काय ते बघू. आणि खरंच सोमवारी बघता येतं. रात्रीतून काही झालंच तर कोणाला तरी पेजर वाजतो, जुनी आवृत्ती परत चढवली जाते, फार तर एक लांबलचक ईमेल.

ही जागी होती. पुस्तक वाचत. डोळे न उचलता म्हणाली, "झालं स्टिअरिंग?"

"झालं."

"हं." पान उलटलं. मग पुस्तक मिटलं. "हे बघ, मला त्यातलं काही कळत नाही. आजोबांवर माझा विश्वास आहे, पण त्यांचं वय झालंय. तू बांधलंयस ना? मग तूच सांग. बसवू का तिला?"

पंधरा वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी असा विचारलेला नाही. 'रिलीज करू का' विचारतात, पण त्यात पाच जणांच्या सह्या असतात. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि ते 'ह'पर्यंत आलं.

सकाळी सहाला गॅरेजात गेलो आणि चौथं टोक कापलं. आजोबा आठला आले तेव्हा मी ड्रमवर नवे वेढे घालत होतो. त्यांनी खाली पडलेला तुकडा उचलला, स्लीव्हला मापपट्टी लावली. अडली. तुकडा खिशात टाकला आणि म्हणाले, "पकड सैल झालीये तिची. मागच्या स्क्रूने आवळता येते. विचारायचंस." मग पकड आवळून दिली. नव्या स्लीव्हवर मापपट्टी लोण्यात सुरी जावी तशी गेली. टर्नबकलला तारेने बांधून टाकायचं, हादऱ्यांनी उलटे फिरू नयेत म्हणून, आणि नळीबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसू द्यायचे नाहीत. हे दोन्ही नियम विमानातले. विमानाच्या केबलींनाही हेच, असं ते म्हणाले, आणि पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

जूनमध्ये दोन तासांवरच्या एका तळ्यावर गेलो. शर्यत नव्हती, सराव. कन्येला हेल्मेट, फुगीर जाकीट, पंख्याने कापू नये म्हणून जाड कापडाचा सूट. गुडघे टेकून बसली तेव्हा बोटीत तिची एक पिशवी राहील एवढी जागा उरली. डाव्या हातात दाबायचा थ्रॉटल, सोडला की आपोआप बंद. अंगाला बांधलेली दोरी, बाहेर फेकली गेली तर इंजिन बंद करणारी. उजव्या हातात मी बांधलेलं व्हील.

तळ्यावरच्या एका बाईंनी, त्या तपासणीच्या होत्या, मागे जाऊन इंजिन दोन्ही हातांनी धरलं आणि कन्येला व्हील हलवायला सांगितलं. मग व्हील धरायला सांगून इंजिन हलवलं. मग म्हणाल्या, "उजवीकडे." शेपूट उजवीकडे. मी नकळत हवेत उजवा हात केला होता.

तिने चार फेऱ्या मारल्या. या शर्यतींत वळणं सगळी डावीकडेच असतात, घड्याळाच्या उलट. पहिल्या दोन फेऱ्यांत बोट वळणाला पाण्यावरून तिरकी घसरत गेली. तिसऱ्या फेरीला तिने वळणात थ्रॉटल सोडला नाही, डाव्या अंगाचं पातं पाण्यात रुतलं आणि बोट दोरीने बांधल्यासारखी फिरली. ही माझा दंड धरून उभी होती. काही बोलली नाही. निळं झालेलं मला संध्याकाळी दिसलं.

परत आल्यावर कन्या हेल्मेट काढता काढता म्हणाली, "बाबा, मी ओढलं की लगेच वळते." एवढंच. मग तिला भूक लागली.

लहानपणी आमच्या सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती व्हायच्या, अजूनही होतात. मागच्या टोकाला उभं राहून वल्ह्याने होडी वळवणारा माणूस मला फार ग्रेट वाटायचा. केबल नाही, पुली नाही, त्याला जे वाटतं ते थेट पाण्यात. फोनवर वडिलांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या केबलीसारखंच की. टोकाला डाग दिलास का?" डाग दिला नाही, पण त्यांना 'हो' म्हणालो. आमच्या सायकलच्या ब्रेकची केबल नेहमी एका ठिकाणीच तुटायची, मुठीपाशी, जिथे ती वळते तिथे. हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

दर शर्यतीआधी करायचं आजोबांचं एक काम होतं. मऊ सुती फडकं घ्यायचं, केबलभोवती धरायचं आणि ड्रमपासून टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. एखादी जरी तार तुटलेली असेल तर तिचं टोक फडक्यात अडकतं. उघड्या हाताने नाही, तार बोटात गळासारखी घुसते. व्हील एका बाजूला पूर्ण फिरवून, मग दुसऱ्या बाजूला, म्हणजे पुलीवर बसलेला भागही बाहेर येतो. हे काम त्यांनी पहिल्या दिवसापासून कन्येला दिलेलं. बांधायचं बापाने, पण फडकं ज्याचं त्याने फिरवायचं.

ऑगस्टच्या शेवटी, चौथ्या की पाचव्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, मी बर्फाच्या पेटीत सँडविच भरत होतो.

"बाबा, फडकं अडकलं."

मी म्हणालो, शिवणीचा दोरा असेल. तिने फडकं तिथेच सोडलं आणि बाजूला झाली. डाव्या कोपऱ्यातल्या पुलीपाशी ते नुसतंच लटकत होतं. भिंग आणून बघितलं तर एक नाही, सहा तारा तुटलेल्या. उजव्या पुलीपाशी दोन. बाकी सगळी केबल नव्यासारखी, स्लीव्हा जागच्या जागी, टर्नबकलची तार जशीच्या तशी. फक्त त्या गोंडस पितळी पुल्यांवरून वळणाऱ्या चार इंचांत १३३ पैकी तारा एकेक करून जात होत्या. पुली लहान, म्हणजे वळण जास्त तंग, म्हणजे दर वेळी तार जास्त वाकते आणि सरळ होते. हातात धातूची तार घेऊन पुढेमागे वाकवत राहिल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. डावीकडे जास्त का? आम्ही अजून त्यावर बोलतोय. माझं म्हणणं, पंख्याचा जोर कायम त्या बाजूच्या केबलवर येत असावा. आजोबा म्हणतात मी ती पुली वाकडी बसवली आहे.

त्यांना रात्री बोलावलं. त्यांनी बघितलं, कन्येच्या डोक्यावर टप्पल मारली आणि त्यांच्या त्या डब्यातल्या डब्यातून दोन जुन्या पुल्या काढल्या. काळ्या, कुरूप, माझ्यापेक्षा दुप्पट मोठ्या. एप्रिलपासून तिथेच होत्या.

"तेव्हाच का नाही दिल्यात?"

"सांगितलं होतं ना, लहान आहे म्हणून."

केबल नवीन घ्यायची तर दुकान सकाळी दहाला उघडणार, शर्यत नऊला. आम्ही गेलो नाही. कन्या रडली, थोडं माझ्यावर, थोडं पुलीवर. रविवारी सकाळी आम्ही दोघांनी गॅरेजात नवी केबल ओवली, मोठ्या पुल्यांवरून. वेढे तिने घातले, मी नुसता रीळ धरून उभा. मग ती बोटीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "उजवीकडे फिरव."